बाजू दुप्पट, काम चौपट

माणूस कसा आहे हे सांगायची आमच्या अमरावतीच्या घरमालकांची एक खास पद्धत होती. नगरसेवक व्हायला निघालेले शेजारचे गृहस्थ ओट्यावर बसून तासभर बोलून गेले, की हे घरमालक, म्हणजे सर, मागून म्हणत, "रिझोल्यूशन लय मोठं हाये, पन फ्रेम पडून राहिल्या." दूधवाल्याबद्दल म्हणत, "चित्र साधं हाये, पन कदी अटकलं नाई." घरी पाहुणे आले की माझी ओळख मी समोर उभा असतानाच करून देत, "हे आमचे इंजिनेर. हुशार हाये. सकाळी चालू व्हाले जरा येळ घेतेत." पाहुण्यांना यातलं काहीच कळत नसे. ते माझ्याकडे पाहून उगाच हसत.

हे शब्द त्यांना मीच दिले होते. कॉम्प्युटर दुरुस्त करता करता दिले. पुढे ते त्यांचं काय काय करतील याची मला कल्पना नव्हती.

मी मूळचा अकोल्याचा. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायला मिळालं तेव्हा आमच्या अकोल्याच्या घरात भावाची दोन लहान मुलं दिवसभर दंगा करत. मीटिंगमध्ये मागून भोंगा वाजायचा. अमरावतीत कॉलेजचे मित्र होते, म्हणून तिथे खोली शोधू लागलो आणि बडनेरा रोडच्या आत एका गल्लीत या सरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. उंच, सडपातळ, कुडत्याच्या खिशात कायम खडूचा तुकडा. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, लग्न झालं का विचारलं नाही.

"कॉम्प्युटरमदलं समजते का?" एवढंच विचारलं.

"त्याच्यातच काम करतो, सर."

"मंग त्याच्यावर गाडी चालवता येते का तुमाले?"

मला वाटलं, वय झालंय, काहीतरी घोळ होतोय. त्यांनी मला हाताला धरून पुढच्या खोलीत नेलं. तिथे जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर भलामोठा, चकचकीत पडदा ठेवलेला. टेबलाच्या कडेला खेळण्यातलं स्टिअरिंग घट्ट आवळलेलं, खाली पायाशी पेडल. आणि खिडकीपाशी खुर्चीत त्यांच्या पत्नी, म्हणजे बाई, बसलेल्या. पदराचं टोक तोंडाशी धरलेलं. मी नमस्कार केला तर त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं.

सरांनी गेम सुरू केला. डोंगरातला रस्ता, दोन्ही बाजूंना झाडं, वर ढग. चित्र असं की झाडाचं पान न् पान मोजावं. पण गाडी पुढे निघाली आणि सगळं अडखळायला लागलं. वळण दिसायचं, मग काहीच नाही, मग एकदम गाडी कठड्याला भिडलेली.

"पाहा," सर म्हणाले. "कोनी खिडकी उघडून राहिलं, लावून राहिलं, असं वाटते. यायले लगेच मळमळते. दुकानवाला म्हने, सर, सगळ्यात भारी पडदा घ्या. घेतला. आता हे असं."

बाईंची गोष्ट मला पुढच्या काही दिवसांत कळली. त्याही शिक्षिका, प्राथमिक शाळेत. नोकरीची बहुतेक वर्षं नांदगाव खंडेश्वरच्या बाजूच्या खेड्यांत काढलेली आणि रोजचं जाणं-येणं लूनावर. उन्हाळ्यात डोक्याला ओला रुमाल बांधून, पावसाळ्यात काळ्या मातीत चाकं रुतली की लूना ओढत. सरांना मात्र साधी सायकलसुद्धा येत नव्हती. लग्नानंतर कुठेही जायचं तर बाई पुढे आणि सर मागे, बगलेत ड्रॉइंगच्या कागदांची गुंडाळी. त्या काळी अमरावतीत या जोडीला लोक थांबून पाहत, हसत. सर म्हणत, "हसू द्या. मागं बसलं का आजूबाजूचं पाह्यता येते. चालवनाऱ्याले फक्त खड्डे दिसतेत." घरातसुद्धा दोघं एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणत आणि 'तुमी'च म्हणत. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली होती, तिलाही ती सवय लागली होती. फोनवर ती आईला विचारे, "बाई, सर जेवले का?"

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत बाईंना लकवा मारला. जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र जडच राहिले, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जड आणि सावकाश झालं. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तो त्या करत. पण घराबाहेर पडणं त्यांनी बंद केलं. दारावर कोणी आलं की आतल्या खोलीत जात. ज्या बाईंनी भर बाजारात भाजीवाल्याशी वाद घालून त्याला हसवून सोडलं होतं, त्या दोन वर्षांत गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या नव्हत्या. आणि सर त्यांच्या वतीने सगळ्यांशी बोलत. कोणी विचारलं, बाई कशा आहेत, की बाई तिथे असल्या तरी उत्तर सरच देत.

नागपूरला मुलीकडे एकटेच गेले असता सरांनी एका मॉलमध्ये पोरांना स्टिअरिंग धरून पडद्यावर गाडी चालवताना पाहिलं. तिथेच त्यांच्या डोक्यात हे आलं. एक हात, एक पाय. उजवा हात, उजवा पाय. बाईंचं तेवढं शाबूत होतं.

त्या पहिल्या दिवशी मी कॉम्प्युटर उघडून पाहिला आणि म्हणालो, "सर, पडदा मोठा आहे, पण चित्र काढणारं कार्ड लहान आहे. या पडद्यावर जेवढे ठिपके आहेत तेवढे सगळे त्याला एकेका चित्रात भरावे लागतात. आणि असली चित्रं, फ्रेम म्हणतात त्यांना, एका सेकंदात निदान तीस-चाळीस, खरं तर साठ तरी निघावी लागतात. तेव्हा ते हललेलं दिसतं. याच्यानं तेवढी निघत नाहीत."

"थांबा," सर म्हणाले. आत जाऊन आलेखाचा कागद आणि पेन्सिल घेऊन आले. जमिनीवर मांडी घातली. एक चौकोन आखला, त्याच्या आत मोठी मोठी घरं पाडली आणि एकेक घर पेन्सिलीने भरू लागले. मी निघायला लागलो तर म्हणाले, "बसा." मी बसलो. तो चौकोन भरून झाल्यावर तेवढाच दुसरा आखला, आत घरं मात्र अर्ध्या मापाची. ती भरायला घेतली. बराच वेळ गेला. अर्ध्यातच त्यांचा हात थांबला. त्यांनी मान वर केली.

"बाजू दुप्पट, काम चौपट," ते म्हणाले. "अरे, चित्र मोठं करताना मी पोट्ट्यायले हेच तं शिकवू. मंग या बिचाऱ्या मशीनले काहून एवढं काम सांगून राहिलो मी?"

मी रिझोल्यूशन खाली आणलं. ठिपके चौथ्या हिश्श्यावर आले. गाडी सुरू केली आणि रस्ता वाहायला लागला. वळणं एकाला एक जोडून येऊ लागली. सर खुशीत पडद्याजवळ गेले, अगदी नाक लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पानं कुठी गेले?"

झाडं होती. पानं मात्र एकमेकांत मिसळून हिरवा गोळा झाला होता.

"तेवढं सोडावं लागतं, सर. पाहिजे तर पहिल्यासारखं करतो."

जन्मभर मुलांना 'रेघ साफ काढा' म्हणत आलेला माणूस तो. त्यांच्या डोळ्यांदेखत हे धूसर करताना मलाच वाईट वाटत होतं. तेवढ्यात मागून सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा आवाज आला.

"सर... सरका. मले... दिसून नाई राहिलं."

बाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं होतं.

मला खोली मिळाली. भाडं काय ते ठरवायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. ते पुढे बाईंनी ठरवलं.

त्यानंतर रोज चार वाजता त्या घरात गाडी निघायची. बाई खुर्चीत, आणि सर त्यांच्या मागे एका बुटक्या स्टुलावर, बाईंच्या खांद्यावर हात ठेवून. वर माझ्या खोलीत मला सगळं ऐकू यायचं.

"बाई, समोरून ट्रक येऊन राहिला."

"दिसते... मले."

"जागा द्या त्याले."

"सर... तुमी... चालवता का?"

थोड्या वेळाने पुन्हा, "बाई, डाव्या बाजूले नदी पाहा किती सुंदर हाये." बाई हसायच्या. त्यांचं हसणं बोलण्याइतकं जड नव्हतं.

पडद्याच्या कोपऱ्यात फ्रेमचा आकडा दाखवायची सोय मी करून दिली. ही माझी चूकच म्हणायची, कारण त्या दिवसापासून सर तापाच्या माणसाचा पारा पाहावा तसे तो पाहू लागले. एकदा जिना चढून धापा टाकत वर आले. मी मीटिंगमध्ये होतो. कॅमेऱ्यासमोरच वाकून म्हणाले, "इंजिनेर, मघा ऐंशी होते, आता पस्तीस झाले, परत ऐंशी झाले. बाईचं डोकं दुखून राहिलं." पुण्याच्या माझ्या साहेबांनी विचारलं की घरी कोणी आजारी आहे का.

मी खाली जाऊन त्यांना समजावलं की मोकळ्या रस्त्यावर काम कमी म्हणून आकडा चढतो, दाट झाडी आली की पडतो, आणि हे चढणं-उतरणंच डोळ्याला जास्त खुपतं. मशीनला बांधून टाकता येतं, पन्नासच्या वर जायचंच नाही म्हणून. खाली घसरू नये म्हणून ठिपके अजून थोडे कमी करायचे. मी तसं केलं. सरांना हे इतकं पटलं की संध्याकाळी ओट्यावर शेजाऱ्यांना समजावत बसले, "एक दिवस बायकोले साडी आना आन चार दिवस बोलू नोका, हे काई कामाचं नाई. पन्नास तं पन्नास. पन रोज पन्नास." शेजारी म्हणाले, साडी पन्नासला कुठे मिळते?

पानं गेल्याचं दुःख त्यांनी आपल्या पद्धतीनं भरून काढलं. सावल्या बंद केल्या, गवत कमी केलं, पाण्यातली प्रतिबिंबं काढून टाकली, आणि जे जे मशीनमधून काढलं ते ते पडद्यामागच्या भिंतीवर स्वतः रंगवायला घेतलं. भिंतीवर कडुनिंब आला, पानापानासकट. संत्र्याची बाग आली. फुटलेल्या कापसाचं शेत आलं, बोंड न् बोंड वेगळं. पडद्यावर परदेशातला कुठलासा धूसर रस्ता आणि त्याच्या चारी बाजूंना लख्ख वऱ्हाड. "मशीनले जमत नाई थे मी करतो," ते म्हणाले. "मले कोनती घाई हाये? मले तं सेकंदाले पन्नास नाई काढा लागत." एक झाड पुरं करायला त्यांना आठवडा लागायचा.

स्वयंपाक आता तेच करत. भाजीचे तुकडे एवढे मोठे असत की एकाच वांग्याने ताट भरावं. बाई कुरकुरल्या की म्हणत, "बारीक चिरत बसलो तं गाडी चाराले निंगन नाई."

असे चार-पाच महिने गेले. मग बाईंना डोंगराच्या रस्त्याचा कंटाळा आला.

"मले... गावात... जायचं हाये," त्या म्हणाल्या.

गेममध्ये एक शहर होतं. सिग्नल, दुकानं, फूटपाथवरून चालणारी माणसं, पुढेमागे गाड्या. बाई शहरात शिरल्या आणि पुन्हा सगळं अडखळायला लागलं. सरांना आता उपाय माहीत होता. त्यांनी ठिपके कमी केले. फरक पडला नाही. अजून कमी केले. शेवटी पाणी सांडलेल्या रांगोळीसारखं चित्र झालं, माणूस कोणता आणि खांब कोणता कळेना, तरी आकडा जागचा हलेना. मग जिन्यावर धापा ऐकू आल्या.

मी पाहिलं आणि म्हणालो, "सर, आता चित्र काढणारा दमलेला नाही. तो तर मोकळा बसलाय. कोणता माणूस कुठे चाललाय, कोणती गाडी कुठे वळणार, कोणता सिग्नल कधी लागणार, हे सगळं ठरवून त्याला सांगणारा एक दुसरा आहे, प्रोसेसर. तो दमलाय. ठिपके कमी केले तरी त्याचं काम तेवढंच राहतं."

"म्हन्जे?"

"माणसं आणि गाड्या कमी कराव्या लागतील."

सरांनी लगेच कमी केल्या. सगळ्याच काढल्या. आकडा पन्नासवर जाऊन स्थिर झाला. ते आनंदाने स्टुलावर बसले. बाईंनी गाडी काढली. एक गल्ली गेली, एक चौक गेला. दुकानं उघडी, सिग्नल चालू, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौकाच्या मधोमध बाईंनी गाडी उभी केली आणि स्टिअरिंगवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"माणसं... कुठी गेले?"

"बाई, माणसं ठेवले तं अटकते."

"कर्फ्यू... लागल्यावानी... दिसते." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "मले नाई... चालवाची."

दुसऱ्या दिवशी चार वाजता खाली आवाज झाला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी खाली डोकावलो तर बाई खिडकीपाशी, तोंडाशी पदर, आणि सर भिंतीवर रंगवत बसलेले. झाडं सोडून त्यांनी माणसं काढायला घेतली होती. डोक्यावर टोपली घेतलेली बाई, सायकलवाला, कुल्फीवाला.

"सर, अकोल्याला माझ्या मित्राचं कॉम्प्युटरचं दुकान आहे," मी म्हणालो. "चांगला प्रोसेसर बसवू. त्याला सांगतो, एसटीच्या पार्सलनं उद्या येऊन जाईल."

सरांचा कुंचला थांबला. त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पार्सल नाई," ते म्हणाले. "आपन जाऊ. बाईले घेऊन."

बाईंनी जोरजोरात मान हलवली. नाही.

"पन चक्कर कोनाले येते?" सर म्हणाले. "मले येते का? इंजिनेरले येते का? मी म्हनीन मस्त हाये आन घरी आनल्यावर तुमाले मळमळलं तं? तुमालेच बसून पाहा लागन, बाई."

"लोकं... पाह्यतेत."

"पाहू द्या. आपल्याले सवय हाये. लूनावर का कमी पाहे लोक?"

बाईंनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. पण सरांनी विषय सोडला नाही. जेवताना, गोळ्या देताना, हात चोळून देताना, पुन्हा तेच. शेवटी एका सकाळी बाईंनी अटी घातल्या. गाडीच्या काचा वर राहतील. तोंडाला मास्क राहील. आणि त्यांच्याशी कोणी बोलायचं नाही.

"मंजूर," सर म्हणाले. त्यांनी लगेच इस्त्री करायला कुडता काढला.

माझी जुनी गाडी होती, तीच काढली. बाई पुढे माझ्या शेजारी, सर मागे. बडनेरा गेलं, लोणी गेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या. बाई मास्कवरच्या डोळ्यांनी समोर पाहत होत्या आणि मी ब्रेक मारायच्या आधी त्यांचा उजवा पाय खाली दाबला जात होता. एका ठिकाणी मी उगाच ओव्हरटेक करायला गेलो तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप मागे आलो. मागून सर म्हणाले, "रस्ता किती साफ दिसून राहिला ना, बाई? पान न् पान. आन फ्रेम पाहा—"

"सर," बाई म्हणाल्या. "हे... खरं हाये. याले... काई म्हनू नोका."

सर मूर्तिजापूरपर्यंत गप्प बसले. त्यांच्यासाठी तो विक्रम होता.

मित्राचं दुकान बस स्टँडजवळच्या गल्लीत. समोर कॉम्प्युटर विकायचे, मागच्या भागात कॉलेजची मुलं तासावर गेम खेळायची. मित्राने चांगलं मशीन काढून दिलं, स्टिअरिंग जोडलं. सरांनी बाईंना आधार देऊन बसवलं आणि कुठूनसा एक स्टूल ओढून त्यांच्या मागे बसले. मी रिझोल्यूशन मधलंच ठेवलं, फार मोठं नाही, आणि गेममधलं ते शहर लावलं. सगळी माणसं, सगळ्या गाड्या.

बाई शहरात शिरल्या. बाजारात गर्दी होती. माणसं आडवी येत होती, टॅक्सी मध्येच थांबत होत्या, हॉर्न वाजत होते, आणि सगळं न अडखळता सरकत होतं. पहिल्या सिग्नलला त्यांनी गाडी बरोबर रेघेवर थांबवली. दुसऱ्या चौकात एकाने आडवी गाडी घातली. बाई मास्कमधून काहीतरी बोलल्या. ती शिवी होती असं मला आजही वाटतं. मागची मुलं आपापले खेळ थांबवून खुर्च्या वळवून बसली होती. त्यांच्यातला एक न राहवून म्हणाला, "आजी, एक नंबर चालवून राहिल्या तुमी!" बाईंना हसू आलं. त्या हसल्या आणि हसताना मास्क घसरून हनुवटीवर आला. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. सरांच्या आलं. त्यांचा हात सवयीने पुढे गेला, मास्कपर्यंत पोचला आणि तसाच मागे आला. त्यांनी तो पुन्हा बाईंच्या खांद्यावर ठेवला.

मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "अरे, हे तर पार्सलनं पाठवलं असतं मी. म्हाताऱ्या माणसांना कशाला एवढं फिरवलंस?"

"सरांना सांगितलं होतं मी," मी म्हणालो, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

परत येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्याकडेला एक टपरी लागली. एक बाई कढईत भजे तळत होती, बाकड्यावर चार-सहा माणसं बसलेली. आमच्या बाईंनी माझ्या हातावर टिचकी मारली.

"थांबवा."

मी थांबवली. त्या उतरल्या, काठी टेकत बाकड्यापर्यंत गेल्या आणि बसल्या. चहा प्यायचा म्हणजे मास्क काढणं आलं. त्यांनी काढला आणि घडी करून मांडीवर ठेवला. भजेवालीने प्लेट ठेवली आणि खेड्यातल्या बाया विचारतात तसं सरळ तोंडावर विचारलं, "काय झालं व माय, तोंडाले?"

सरांनी सवयीने तोंड उघडलं. बाईंनी उजवा हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला आणि दाबला.

"लकवा," त्या म्हणाल्या. मग पुढचा शब्द यायला वेळ लागला. टपरीवरची माणसं पाहत होती. भजेवाली झारा हातात धरून थांबली होती. "दोन वर्सं... झाले. आता... बरी हावो."

"माया सासूलेबी मारला व्हता," भजेवाली म्हणाली. "थे तं येक शब्दबी बोलली नाई पुन्हा. तुमी तं चांगल्या बोलून राहिल्या, माय. खा, गरम हायेत."

मग त्या दोघींचं सुरू झालं. सासूला काय औषध दिलं, पोरं किती, कोणत्या शाळेत, मास्तर येतात की नाही. बाई शाळेबद्दल विचारू लागल्या तेव्हा त्यांचा आवाज थोडा मोठासुद्धा झाला. सर उठले, आपली आणि माझी अशा दोन्ही प्लेट घेतल्या आणि गाडीपाशी जाऊन उभे राहिले. मी मागे गेलो.

"बसा ना सर तिथे. पाय दुखतील."

"नाई," ते भजे खात म्हणाले. "मी तथी बसलो का मीच बोलतो. माहा सभावच तसा हाये." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "इंजिनेर, बाई बोलून राहिल्या."

"हो, सर."

"बोलू द्या. आज अंधार पडला तं पडला."

माझ्या वाटणीचे भजेही त्यांनी उभ्या उभ्या संपवले.

बडनेऱ्याच्या आसपास ते मागे मान टाकून झोपले. घोरायलाही लागले. बाईंनी एकदा मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "त्यायले वाटते... मले समजलं नाई... पार्सलचं." त्या पुढे म्हणाल्या, "म्हनलं... जाऊ एकदाचं. किती... समजावन... बिचारा."

नवं मशीन घरी आलं. बाईंनी महिनाभर त्या शहरातल्या बाजारात गाडी फिरवली. मग एका गुरुवारी म्हणाल्या की अमरावतीतल्या इतवारा नावाच्या खऱ्या बाजारात जायचं आहे, वांगी स्वतः निवडायची आहेत, सर आणतात ती चांगली नसतात. रिक्षा बोलावली. त्यानंतर चार वाजताची गाडी चुकू लागली. सर माझ्याकडे तक्रार करत, "एवढं मशीन बसवलं, आकडा पाहा कसा खुट्यावानी उभा हाये, आन बाईले सवडच नाई." तक्रार करताना त्यांचा चेहरा असा फुललेला असे की मला हसू आवरत नसे.

पुढे कंपनीने पुण्याला बोलावलं आणि मी खोली सोडली. फोन होत असे. बाईच बोलत. मागून सरांचा आवाज यायचा, "त्याले सांगा, दुसरा कडुनिंब पुरा झाला." गेल्या हिवाळ्यात फोन आला तो त्यांच्या मुलीचा. सर सकाळी रंग कालवता कालवता गेले. कोणाला काही करायला वेळच मिळाला नाही.

मी शोकसभेला पोचलो. बुद्धविहाराचा हॉल भरला होता. त्यांचे जुने विद्यार्थी आले होते, कोणी मोठे अधिकारी, कोणी साइनबोर्ड रंगवणारे. एकामागून एक बोलत होते. सभा उरकायच्या बेताला आली तेव्हा बाईंनी हात वर केला. मुलगी वाकून म्हणाली, "बाई, मी सांगते ना, काय सांगायचं ते." बाईंनी तिला बाजूला केलं आणि माइक हातात घेतला.

"सर... लय बोलत," त्या म्हणाल्या. हॉलमध्ये हलकंसं हसू उमटलं. बाई थांबल्या. पुढचा शब्द येत नव्हता. संचालन करणारा माणूस मदतीला पुढे सरकला, त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. सगळा हॉल वाट पाहत होता.

"मले बोलाले... येळ लागते. त्यायनं... तो येळ... मले देल्ला. आता थे नाई. मी... बाजारात येतो... विहारात येतो. कोनी भेटलं... तं थांबजा. पुरं... ऐकून घेजा."

त्यांनी माइक परत दिला नाही. अजून काही सांगायचं होतं. पहिल्या रांगेतल्या एका अधिकाऱ्याने हातातला मोबाईल खिशात ठेवला आणि मांडीवर हात ठेवून नीट बसला. बाई पुढच्या शब्दाच्या वाटेवर होत्या. कोणी हललं नाही.